'पंच'च्या मागावर: चौथ्या महिन्याची नोंद

आज सकाळी इंग्रजी 'पंच' (punch) या शब्दाचं सत्तेचाळिसावं कार्ड लिहून झालं. जूनमध्ये हा शब्द घेतला तेव्हा वीस-पंचवीस कार्डांत आटपेल असं वाटलं होतं. माझी पद्धत तीच आहे: एका वेळी एकच छोटा इंग्रजी शब्द, प्रत्येक अर्थाला एक कार्ड आणि कार्डाच्या कोपऱ्यात रंगाचा ठिपका. हिरवा म्हणजे मूळ पक्कं, पिवळा म्हणजे बहुधा, लाल म्हणजे नुसतीच सांगोवांगी. या महिन्यात एका कार्डाचा ठिपका बदलावा लागला. ते कार्ड माझ्या सगळ्यात लाडकं होतं, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहिते आहे.

मागच्या वर्षी 'रन' केला होता. त्याच्या क्रियापदाचेच सहाशेवर अर्थ कोशात आहेत, पण हिंडून-फिरून सगळे धावण्याशीच येतात. वडाच्या पारंब्या कितीही लोंबल्या तरी झाड एकच. 'पंच'चं तसं नाही. इथे एकमेकांची ओळखदेख नसलेले शब्द एकाच आवाजात येऊन बसले आहेत.

सुरुवात घरातूनच झाली. वडील कारखान्यात फिटर होते. त्यांच्या टूलबॉक्समधला सेंटर पंच अजून माझ्याकडे आहे. ड्रिल घसरू नये म्हणून आधी पत्र्यावर त्याची टोकदार बाजू ठेवायची, वरून हातोडीचा एक ठोका द्यायचा, की बारीकसा खळगा पडतो. शब्दाचं मूळही नेमकं त्या टोकातच आहे. लॅटिनमध्ये 'पुंगेरे' म्हणजे टोचणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'पाँशाँ' हे टोकदार हत्यार झालं आणि ते इंग्रजीत आलं. त्याच टोचण्यातून 'पॉइंट' निघाला, वेळेच्या टोकावर हजर राहणारा 'पंक्च्युअल' निघाला, आणि रस्त्याकडेला टायर लटकवलेल्या दुकानावर आपण रंगवतो तो 'पंक्चर'ही निघाला. पंक्चरवाला आणि सेंटर पंच हे सख्खे नातलग आहेत हे कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला.

गुद्दा हाही याच घरातला. आधी अर्थ होता टोचणे, ढोसणे, काठीने गुरं हाकणे. मुठीने मारण्याचा अर्थ नंतर, सोळाव्या शतकात आला. अमेरिकेत गुराख्याला 'काउपंचर' म्हणतात त्यात तो जुना अर्थ टिकून आहे. तिथे गाईला कुणी गुद्दे मारत नाही. एसटीतल्या कंडक्टरचा तिकिटाला भोक पाडणारा पंच, फायलीचा दोन भोकांचा पंच, १८९०च्या अमेरिकन जनगणनेत हॉलरिथने वापरलेली पंच कार्डं आणि ऑफिसात आल्या-आल्या करायचं पंचिंग, ही सगळी त्याच भोकाची लेकरं. सगळ्यांना हिरवा ठिपका.

या घरातलं एक कार्ड मात्र मी परतपरत काढून बघते. छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, पाडायला आधी पोलादी सळईच्या टोकावर अक्षर उलटं कोरतात. तोही पंच. मग पोलादाला पाणी देऊन ते कडक करतात, तांब्यावर ठोकून साचा घेतात आणि साच्यात शिशाचा मिश्रधातू ओततात. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून असे शेकडो पंच लागतात आणि एकेक हाताने कोरावा लागतो. बंगाली आणि पुढे देवनागरी पंच कोरणाऱ्या कारागिराचं नाव होतं पंचानन कर्मकार. नावातला पंच संस्कृत, हातातला पंच लॅटिन. आपल्याकडे मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी हे काम राणूजी रावजी आरू यांनी केलं. निर्णयसागरचं पंचांग ज्या अक्षरांत छापलं गेलं ती अक्षरं अशी पोलादातून आली आहेत. घरात जुनं निर्णयसागरचं पुस्तक असेल तर एखादं जोडाक्षर भिंगाखाली धरून बघाच. तेवढ्या बारीक जागेत माणसाचा हात फिरलेला दिसतो.

आता दुसरं घर. लंडनमध्ये ९ मे १६६२ रोजी सॅम्युअल पेपीस या रोजनिशीकाराने कॉव्हेंट गार्डनमध्ये एका इटालियन माणसाचा बाहुल्यांचा खेळ पाहिला. त्या परंपरेतला बाकदार नाकाचा, कुबडा नायक म्हणजे नेपल्सचा पुल्चिनेल्ला. इंग्रजांच्या तोंडी त्याचा पंचिनेलो झाला आणि पुढे नुसता पंच. इटालियनमध्ये 'पुल्चिनो' म्हणजे कोंबडीचं पिल्लू, आणि त्यामागे लॅटिन 'पुल्लुस'. आपल्या गावाबाहेरच्या पोल्ट्रीतली 'पोल्ट्री' त्याच 'पुल्लुस'मधून आलेली. १६६९ मध्ये पेपीसनेच लिहून ठेवलंय की एका जाड्या पोराला लोक पंच म्हणत होते, आणि बुटक्या, जाड अशा कशालाही तो शब्द रूढ झाला होता. सफोकमध्ये आखूड पायांचा, भरदार अंगाचा एक नांगराचा घोडा आहे, त्याला सफोक पंच म्हणतात. नाव बहुधा याच अर्थातून आलं, म्हणून पिवळा ठिपका. आजचे सगळे सफोक पंच १७६८ साली जन्मलेल्या एकाच घोड्याचे वंशज आहेत.

आणि आता पंच नावाचं पेय. ज्यासाठी मी हा शब्द घेतला ते.

इंग्रजीतला या पेयाचा पहिला ज्ञात उल्लेख १६३२ सालच्या पत्रातला आहे, आणि पत्र लिहिणारा ईस्ट इंडिया कंपनीचाच माणूस. १६७०च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर आलेला, जुन्नर आणि गोवा पाहिलेला कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर स्पष्टच लिहितो: गोव्याच्या अर्‍याक या दारूपासून इंग्रज एक पेय करतात, त्यात पाच जिन्नस असतात, आणि हिंदुस्थानी भाषेत पाचाला 'पाँच' म्हणतात म्हणून त्याचं नाव तसं. अर्‍याक, साखर, लिंबू, मसाला, पाणी. दूध, दही, तूप, मध, साखर घालून पंचामृत कालवणाऱ्या माणसाला यात शंका येणारच नाही. मलाही आली नव्हती. जूनमध्ये कार्ड लिहिलं तेव्हाच हिरवा ठिपका देऊन टाकला होता.

मग दोन गोष्टी आडव्या आल्या. पहिली जिन्नसांची. १६३८ साली सुरतेत आलेला जर्मन प्रवासी मँडेल्स्लो 'पालेपुंट्स' नावाचं पेय नोंदवतो. त्यात दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर, म्हणजे चारच. हा आक्षेप मी फारसा मोठा मानत नाही. पंचखाद्यात सहावा जिन्नस पडला म्हणून कुणी त्याचं नाव बदलत नाही.

दुसरी गोष्ट उच्चाराची, आणि ती खरी अडचण आहे. आज इंग्रजी शब्द आपल्या 'पंच'सारखाच ऐकू येतो. त्यामुळे कान लगेच साक्ष देतो, आणि तिथेच आपण फसतो. हा उच्चार दक्षिण इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या ओघात तयार झाला. १६३२ मध्ये तो शब्द 'पुंच'च्या जवळ होता. उत्तर इंग्लंडमध्ये आजही लोक तसाच म्हणतात. मग 'पाँच' ऐकणाऱ्या माणसाने 'पुंच' का लिहावं? पंडित, पंजाब, बंगला, जंगल या सगळ्यांना इंग्रजांनी 'यू' लावला हे मी पुरावा म्हणून मांडणार होते. पण ती स्पेलिंगं बहुतेक करून उच्चार बदलल्यानंतर पक्की झालेली आहेत. म्हणून काही अभ्यासक वेगळाच उगम सुचवतात: 'पंचन' नावाचं मोठं पिंप असायचं, खलाशांनी त्याचंच नाव आखूड केलं असावं.

तीन आठवडे मी या कार्डावर अडून होते. पेय हिंदुस्थानातल्या किनाऱ्यावर रूढ झालं, सुरुवातीचे उल्लेख कंपनीच्या माणसांचे आणि इथे आलेल्या प्रवाशांचे, आणि समकालीन माणूस नावाचा अर्थ 'पाच' सांगतो. हे पारडं मला अजूनही जड वाटतं. पण त्या स्वराचं उत्तर माझ्यापाशी नाही, आणि उत्तर नसताना हिरवा ठिपका ठेवणं योग्य नाही. काल तो पिवळा केला.

त्याच रात्री कोश चाळताना एक नोंद दिसली, तिने मन भरून आलं. संस्कृत पंच, फारसी पंज, ग्रीक पेंते, इंग्रजी फाइव्ह ही एकाच मुळाची भावंडं आहेत हे आपल्याला ठाऊक असतंच. आपला 'पंजा'ही फारसी पंजमधून आला, पाच बोटांचा म्हणून. आणि इंग्रजीत मुठीला जो 'फिस्ट' शब्द आहे तोही याच पाचातून आला असावा असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे मुठीने मारलेला पंच पाचातला नाही, पण मारणारी मूठ कदाचित पाचातली आहे. हे सत्तेचाळिसावं कार्ड. पिवळं.

पुढचं काम वर्तमानपत्रांचं. लंडनचं 'पंच' साप्ताहिक १८४१ मध्ये निघालं आणि त्यावर नजर ठेवून इथे किती तरी पंच निघाले: मुंबईचं पारसी पंच, लखनौचं अवध पंच आणि ठाण्याचं मराठी हिंदु पंच. आपल्याकडे पंच म्हणजे निवाडा करणाराही. त्यामुळे त्या नावात एकाच वेळी दोन माणसं उभी राहतात. हिंदु पंचचा जुना अंक कुणाच्या संग्रहात असेल तर मला फक्त पहिल्या पानाच्या माथ्याचा फोटो हवा आहे. तिथे चित्र असेल तर ते कुबड्या बाहुल्याचं आहे की पागोटं घातलेल्या पंचाचं, तेवढं बघायचं आहे. अठ्ठेचाळिसावं कार्ड त्यासाठी कोरं ठेवलंय.