एक शहर, दोन राजधान्या

नौपाड्यातल्या आमच्या घरी वडिलांनी घेतलेला एक जुना रशियन नकाशासंग्रह आहे. त्यातल्या कॉकेशसच्या पानावर भिंग धरले की व्लादिकावकाज शहराच्या मधून जाणारी तेरेक नदीची बारीक निळी रेघ दिसते. 1921 ते 1924 या काळात हे शहर सोव्हिएत रशियातल्या पहाडी स्वायत्त प्रजासत्ताकाची राजधानी होते.

नोव्हेंबर 1920 मध्ये स्टालिनने याच शहरात स्वायत्ततेची घोषणा केली, शरियतची न्यायालये चालू ठेवण्याचे आश्वासन दिले, आणि 20 जानेवारी 1921 रोजी चेचेन, इंगुश, ओसेट, कबार्ड, बाल्कार व कराचाय अशा अनेक समाजांचे मिळून एक प्रजासत्ताक स्थापन झाले. मात्र डोंगरात कसण्याजोगी जमीन फार थोडी होती. सपाटीवरच्या कोसॅकांची (झारच्या काळापासूनच्या लढवय्या रशियन वसाहतवाल्यांची) काही गावे सक्तीने उठवून ती जमीन डोंगराळ भागातील लोकांना देण्यात आली, तरी भूक भागली नाही. तुलनेने जास्त कुरणे असलेल्या कबार्ड लोकांना ती शेजाऱ्यांना वाटून द्यावी लागतील अशी धास्ती होती. ते सप्टेंबर 1921 मध्येच बाहेर पडले. पाठोपाठ कराचाय आणि बाल्कार गेले, नोव्हेंबर 1922 मध्ये चेचेनही गेले. हे प्रजासत्ताक भाषा-धर्माच्या भेदांपेक्षा जमिनीच्या वाटणीवरून मोडले, असे माझे ठाम मत आहे.

7 जुलै 1924 रोजी उरलेल्या भागाचे उत्तर ओसेटिया आणि इंगुशेतिया असे तुकडे झाले. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा लहानसहान कामासाठी ठाणे गाठणाऱ्या मोखाड्याच्या माणसाला कचेरी जवळ आली; त्यामुळे विभाजन मुळातच वाईट असते, असे मला वाटत नाही. पण व्लादिकावकाजची वाटणी कोणालाच करता येईना. ते दोन्ही प्रदेशांचे मुख्य ठाणे राहिले, आणि 1933 मध्ये ओसेटियाला देण्यात आले. इंगुशांचा प्रदेश पुढच्याच वर्षी चेचेन प्रदेशाला जोडला गेला. 1944 मध्ये स्टालिनने चेचेन आणि इंगुश या दोन्ही समाजांना मध्य आशियात हद्दपार केले आणि शहरालगतचा प्रिगोरोद्नी जिल्हा ओसेटियाला जोडला. 1957 नंतर इंगुश परतले. जिल्हा परत मिळाला नाही. 1992 च्या शरद ऋतूत तिथे रक्तपात झाला, आणि हजारो इंगुश कुटुंबांना घरे सोडावी लागली.