सेल्फ घेते, पण रोज नाही

कॅनडातल्या हॅमिल्टनला आल्यावर तिसऱ्या वर्षी आम्ही जुनी गाडी घेतली. 2007 ची, एक लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली. नवरा सांगलीचा. त्याचं पहिल्यापासून म्हणणं, हप्ते पडले तरी चालतील पण नवीनच घेऊ. मी मात्र कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मामाच्या दुकानात स्टुलावर बसून गृहपाठ केलेली पोरगी. मामा गाड्यांचं वायरिंग करतो. जुन्या गाडीची मला कधी भीती वाटली नव्हती. ती या जानेवारीत वाटली.

सकाळी चावी फिरवली की नुसतं 'टक्'. डॅशबोर्डवरचे दिवे विझल्यासारखे व्हायचे, घड्याळ परत बारावर जायचं आणि गाडी गप्प. दहा मिनिटांनी तीच चावी, तीच गाडी, पहिल्याच सेल्फला चालू. रस्त्यावर हीटरचा पंखा वाढवला की कधी कधी हेडलाइट लवलवायचे. गॅरेजात नेली की मात्र डॉक्टरच्या दारात ताप उतरलेल्या पोरासारखी गुणी. इथं गॅरेजवाला नुसतं बघायचे तासाचे एकशे तीस डॉलर घेतो, तेव्हा असला गुणीपणा परवडत नाही.

त्यांनी स्कॅनर लावला. बिघाडाचे सात कोड निघाले. ब्रेकचा, एअरबॅगचा, स्टिअरिंगचा, सगळ्यांचीच तक्रार. मग नवीन बॅटरी बसवली. नऊ दिवस गाडी छान चालली. दहाव्या दिवशी 'टक्'. आता म्हणे डायनामो बदलावा लागेल, सातशे डॉलर.

मी मामाला फोन लावला. आमच्याकडं सकाळचे सात म्हणजे कोल्हापुरात संध्याकाळचे साडेपाच, दुकानात चहाची वेळ. (इथल्या मराठी मंडळात मी शुद्ध 'मी येते, मी जाते' बोलते. मामाचा आवाज ऐकला की तोंडातून 'मी येतो, मी जातो'च निघतं. पुण्याच्या मैत्रिणी यावर अजून हसतात. हसू देत.)

"काय होतंय ते र्‍हाऊ दे," मामा म्हणाला. "कधी होतंय ते सांग."

मला सांगता येईना. रोज होत नाही, एवढंच.

"मग वही घाल. किती वाजता, थंडी किती, रस्ता ओला का सुका, इंजिन गार का गरम, आदल्या रात्री गाडी कुठून आणलीस. पंधरा दिवसांनी फोन कर. तवर एक स्क्रूसुद्धा बदलायचा न्हाई." सात कोडांचं ऐकून तो हसायलाच लागला. "सात जण वरडत्यात म्हणजे सातजण आजारी न्हाईत गं. सगळ्यांचं जेवण एकाच घरातनं येतंय."

सतरा दिवस वही घातली. पाच वेळा गाडीनं दगा दिला, त्यातल्या चार वेळा पारा शून्याच्या आसपास आणि आदल्या दिवशी रस्त्यावर मिठाचा चिखल. उणे पंधराच्या कोरड्या सकाळी एकदाही नाही. हे वाचून दाखवल्यावर मामा थोडा वेळ गप्प झाला. दोष बॅटरीचा असता तर गाडी उणे पंधराला आधी रडली असती, कारण कडाक्याच्या थंडीत बॅटरीची ताकदच उतरते. ही रडत होती ओलीला.

"अर्थिंग बघ," मामा म्हणाला. "पुराच्या गाड्यांचं असंच हुतंय." अर्थिंग म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडं परत यायची वाट.

2019 आणि 2021 च्या पुरानंतर मामाच्या दुकानापुढं गाड्यांची रांग होती, ती मी व्हिडिओ कॉलवर पाहिली होती. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की खालच्या गल्ल्यांतल्या गाड्या बुडतात. त्या धुतल्या, वाळवल्या, चालू झाल्या. आणि दिवाळीनंतर एकेक परत यायला लागल्या, वायरी जोडायच्या कपलरमध्ये हिरवी बुरशी धरल्यासारखं तांबं घेऊन. इकडं पूर नाही, पण बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टनांनी मीठ टाकतात, आणि ते पाणी हिवाळाभर गाडीच्या खालून चढत असतं.

अर्थिंगच्या वायरचा रेझिस्टन्स मी आधीच मोजला होता. मीटर जवळजवळ शून्य दाखवत होता, म्हणजे वायर उत्तम. मामाला हे सांगितलं तर तो खवळलाच. "रिकाम्या बोळातनं एक माणूस जातोयच की! नवरात्रात दर्शनाची रांग सोड त्यात, मग कळंल बोळ किती रुंद हाय." मीटर वायरमधून पाठवतो चिमूटभर करंट, त्याला एक तार शाबूत असली तरी पुरते. सेल्फ एका झटक्यात शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. म्हणून मोजायचं ते सेल्फ मारताना, आणि मोजायचं ते वाटेत किती व्होल्ट गळतात ते.

मग ओलसर सकाळ यायची वाट बघत बसले. हा भाग सगळ्यात कंटाळवाणा. चार दिवस कोरडे गेले. पाचव्या दिवशी गाडी 'टक्' म्हणाली आणि मला चक्क आनंद झाला.

नवऱ्याला स्वेटरवर तसाच खाली बोलावला. गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रिले काढून ठेवलेला, म्हणजे इंजिन फिरलं तरी चालू व्हायचं नाही. फोन बोनेटला टेकवलेला, पलीकडं मामा. मीटरची काळी टोकणी बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूच्या शिशाच्या खुंटीवर. खुंटीला धरणाऱ्या क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच. मामानं हे तीनदा बजावलं. लाल टोकणी इंजिनवर. "मार सेल्फ!"

2.3 व्होल्ट. चांगल्या अर्थिंगला हा आकडा 0.2 च्या आत हवा.

मग एकेक पाऊल. खुंटी ते क्लॅम्प, 0.01. खुंटी ते बॉडीवरचा बोल्ट, 2.2. त्या बोल्टपासून गिअरबॉक्सपर्यंत, 0.05. सगळी गळती क्लॅम्प आणि बोल्ट यांच्यामधल्या वीतभर काळ्या वायरमध्ये. वरून बघाल तर नवीकोरी. मी ती दोन बोटांनी वाकवली तर आत रेती भरल्यासारखी करकरली. नवरा आतून ओरडला, "डॅशबोर्ड पेटला!"

वायर सोडवून कटरनं साल काढली. आत तांब्याचा हिरवट भुगा, आणि मधोमध सात-आठ तारा तेवढ्या चमकत होत्या. क्लॅम्पच्या तोंडाशी साल उघडी होती. तिथून मिठाचं पाणी चिंधीत चढावं तसं आत चढत गेलेलं. नऊ दिवसांचं कोडंही तिथंच सुटलं. बॅटरी बदलताना त्या माणसानं वायर इकडून तिकडं वाकवली, तुटक्या तारा एकमेकींना टेकल्या, आणि नवीन बॅटरीला फुकटचं श्रेय मिळालं.

नवीन वायर अडतीस डॉलरला आली. बोल्टाखालचा पत्रा पॉलिशपेपरनं घासून चकचकीत केला, वायर आवळली, वर पेट्रोलियम जेली फासली. डायनामोचे सातशे वाचले म्हणून नवऱ्यानं स्वतःहून तांबडा रस्सा केला. सांगलीचा असूनही बरा जमला होता.

परत मोजलं, 0.06. मामाला आकडा सांगितला. शाबासकी वगैरे काही नाही. "एप्रिलात बर्फ गेलं की परत मोज. वही टाकून देऊ नगंस." तेवढ्यात त्याच्याकडं कोणीतरी गिऱ्हाईक आलं आणि तो फोन तसाच बाकड्यावर ठेवून उठला. चहाचे ग्लास वाजले, मागं कुणीतरी रिक्षाचा हॉर्न तपासत होतं. मग मामाचा आवाज, लांबून: "काय होतंय ते र्‍हाऊ दे, पावणं. कधी होतंय?"