सुरसागर सर्किट: गाडीखालचा खड्डा एकदाचा बुजला

मंडळी, बुजला. (नवे असाल तर: पहिल्या प्लेस्टेशनसाठी मी बडोद्याच्या सुरसागर तलावाभोवतीचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लिहितेय, आणि त्यातल्या रस्त्याला गाडीखाली भोक पडत होतं.) काल रात्री पावणेदोनला बंपर कॅमेऱ्यातून (म्हणजे गाडीच्या नाकावरून दिसणाऱ्या दृश्यात) सुरसागरला सलग सहा फेऱ्या मारल्या. त्याही खऱ्या ७५०२ मॉडेलच्या प्लेस्टेशनवर आणि खऱ्या ट्यूबच्या टीव्हीवर. डाव्या चाकाखाली एकदाही आभाळ दिसलं नाही. सहाव्या फेरीनंतर कंट्रोलर खाली ठेवला आणि गार झालेली सेव उसळ तशीच खाल्ली.

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं, "रस्त्याचं काम संपलं, आता प्रतिस्पर्धी रिक्षा." ते शब्द मागे घेते. बिल पास व्हायच्या आधीच रस्ता उखडला.

झालं असं. एका रविवारी भाचा आला. त्याला टीव्हीसमोर बसवलं, न्याय मंदिराकडून सुरुवात, तलाव उजव्या हाताला. म्युझिक कॉलेजचं वळण येईपर्यंत सगळं छान. मग त्याने कॅमेरा बदलून बंपरवर आणला आणि ओरडला, "आत्या, रस्ता फाटला!" बघते तर डाव्या चाकापुढे एक तिकोनी भोक, आणि त्यातून निळं आभाळ. पापणी लवते न लवते तोवर गायब, पुढच्या सेगमेंटला (रस्त्याच्या पुढच्या टप्प्याला) पुन्हा हजर. मागच्या कॅमेऱ्यात काही नाही. लॅपटॉपवर काही नाही. बडोद्याच्या रस्त्यावर खड्डा असणं हे वास्तवदर्शन झालं म्हणून सोडून द्या, असं घरच्यांचं मत पडलं.

लॅपटॉपवर का दिसत नव्हतं, ते आधी सांगते, कारण माझे पहिले चार दिवस तिथेच गेले. घाईच्या चाचण्या मी एका जुन्या इम्युलेटरवर (कॉम्प्युटरवर प्लेस्टेशनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) करते, आणि तो मोठे पॉलिगॉन (चित्राचे त्रिकोणी-चौकोनी तुकडे) निमूटपणे रेखाटून देतो. बरं, डकस्टेशन या दुसऱ्या इम्युलेटरमध्ये बघावं, तर तिथे मी कधीकाळी पीजीएक्सपी ही चित्र सुधारणारी सोय चालू करून ठेवलेलं. म्हणजे टेक्स्चर (तुकड्यांवर चिकटवलेली चित्रं) सरळ, शिरोबिंदू (तुकड्यांचे कोपरे) स्थिर, पांढरे पट्टे दोरी लावून मारल्यासारखे. खऱ्या मशिनवर त्याच पट्ट्यांची नागपंचमी. डकस्टेशनबद्दल माझं मत उत्तमच आहे, पण स्वतःचा खेळ लिहीत असाल तर सगळ्या सुधारणा बंद करून मगच बघा. नाहीतर आपण आरशात नाही, फोटो स्टुडिओत उभे असतो.

तर खड्डा. पहिला संशय ऑर्डरिंग टेबलवर, म्हणजे कुठला तुकडा आधी आणि कुठला नंतर काढायचा ते ठरवणाऱ्या खणांच्या यादीवर. या मशिनला झेड-बफर (प्रत्येक पिक्सेलची खोली लक्षात ठेवणारी सोय) नाही, तेव्हा क्रम चुकला की मागचं पुढे येतं. रस्त्याचे सगळे तुकडे मुद्दाम सगळ्यात पुढच्या खणात टाकले. गाडी रस्त्याखाली गेली, भोक जागेवर. दुसरा संशय प्रिमिटिव्ह बफर (काढायचे आकार साठवायची जागा) भरून वाहतोय यावर. तो दुप्पट केला, भोक जागेवर. तिसरा, उलट्या तोंडाचे तुकडे गाळणारी तपासणी. ती काढून टाकली, तरी भोक जागेवर, उलट वेग कमी. पीसीएसएक्स-रिडक्स या आणखी एका इम्युलेटरमध्ये व्हीरॅम (चित्रांची मेमरी) उघडून टेक्स्चर तपासलं, तेही शाबूत. (रिडक्सचा डीबगर फुकट मिळतो यावर माझा अजून विश्वास बसत नाही.)

मग एका रात्री भोकाच्या आकाराकडे नीट पाहिलं. तिकोनी. चौकोनी तुकडा जीपीयू (चित्र काढणारी चिप) दोन त्रिकोणांत फोडून काढतो हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. म्हणजे अख्खा तुकडा नाही, त्यातला एकच त्रिकोण गळतोय. माझ्या कोडमध्ये त्रिकोण गाळणारी एकही ओळ नाही. मग गाळतंय कोण? जीपीयू स्वतः.

कोपऱ्यात आकडे छापायला लावले: गाडीखालच्या तुकड्याच्या शिरोबिंदूंमधलं जास्तीत जास्त उभं अंतर. आणि गाडी इंच इंच पुढे सरकवली. ५०६, त्रिकोण आहे. ५०९, आहे. ५११, आहे. ५१२, गेला. मागे घेतली, ५११, आला. मी हा खेळ दहा मिनिटं नुसता खेळत बसले. तीन आठवड्यांत इतका आनंद दुसऱ्या कशाने झाला नाही. नियम जुनाच आहे: दोन शिरोबिंदूंमध्ये आडवं अंतर १०२३ च्या वर किंवा उभं ५११ च्या वर गेलं, तर जीपीयूने तो आकार रेखाटायचाच नाही. मी तो वाचलेला होता. वाचलेलं आणि कळलेलं यांत तीन आठवड्यांचं अंतर असतं, एवढंच.

आता उपाय. सोपा वाटला म्हणून आधी जवळचे तुकडे चालू खेळातच फोडले, एकाचे चार. खड्डा लहान झाला. चाराचे सोळा केले. आणखी लहान झाला, पण गेला नाही, कारण मूळ दुखणं वेगळं होतं. जो तुकडा अर्धा कॅमेऱ्यापुढे आणि अर्धा मागे आहे, त्याचे मागचे शिरोबिंदू जीटीईला (त्रिमितीचं गणित करणाऱ्या भागाला) देऊन उपयोग नाही. खोली एचच्या (डोळ्यापासून पडद्यापर्यंत धरलेल्या अंतराच्या) निम्मी किंवा त्याहून कमी झाली की भागाकार ओसंडतो. मग जीटीई फ्लॅगमध्ये खूण करून कमाल आकडा पुढे ढकलतो आणि शेवटी पडद्यावरचे सहनिर्देशक उणे १०२४ ते १०२३ मध्ये दाबून बसवतो. माझा एच १६० आहे, म्हणजे ८० युनिटच्या आत सगळा अंधार.

मग एक लबाडी केली: ८० च्या आतले शिरोबिंदू ओढून ८१ वर आणून ठेवायचे. रस्ता केळ्याच्या सालीसारखा वर वळला. भाच्याला फार आवडलं. त्याच्या मते हेच ठेवावं. नाही ठेवलं.

शेवटी रीतसर क्लिपिंग (कॅमेऱ्याच्या फार जवळचा भाग कापून टाकणं) लिहिलं, जे पहिल्या दिवशीच लिहायला हवं होतं. प्रोजेक्शन (पडद्यावर सपाट करणं) न करता आधी नुसतं एमव्हीएमव्हीए या जीटीईच्या आदेशाने कॅमेऱ्याच्या चौकटीत आणायचं, खोली ८१ च्या पातळीवर कापायचं, यू-व्ही (टेक्स्चरवरच्या जागांचे आकडे) त्याच प्रमाणात काढायचे आणि मग पडद्यावर पाठवायचं. इथे एक गंमत. माझ्याकडे एक मीटर म्हणजे १२८ युनिट. बंपर कॅमेरा अर्धा मीटर वर, म्हणजे ६४. पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) पडदा २५६ ओळींचा, मध्यापासून तळापर्यंत १२८. मांडून बघा: ६४ गुणिले १६० भागिले १२८, उत्तर ८०. म्हणजे पडद्याच्या तळाशी रस्ता जिथे दिसायला सुरुवात होते, बरोबर तिथेच जीटीईची हद्द संपते! कॅमेऱ्याची उंची मी दोन वर्षांपूर्वी डोळ्याला बरी दिसली म्हणून ठेवली होती. ८१ वर कापल्याने खालच्या दीडेक ओळी उघड्या पडतात, त्या टीव्हीच्या चौकटीआड जातात. कॅमेरा चार बोटं खाली असता तर हा मजकूर फार वेगळ्या सुरात लिहिला असता.

उभं अंतर असं आटोक्यात आलं, पण आडवं राहिलंच. सात मीटरचा रस्ता म्हणजे ८९६ युनिट. तो ८१ वर प्रोजेक्ट केला की जवळजवळ १७७० पिक्सेल होतात, १०२३ च्या कितीतरी बाहेर. म्हणून रुंदीत चार पट्ट्या. एक पट्टी साडेचारशेच्या आत राहते. क्लिपिंग फक्त गाडीखालच्या दोन सेगमेंटना लागतं, बाकीचे जुन्याच वाटेने जातात.

खड्डा गेला आणि भेगा आल्या. फोडलेला तुकडा न फोडलेल्या शेजाऱ्याला टेकतो तिथे जीटीई पूर्णांकात गोळाबेरीज करतो, आणि एक पिक्सेलची निळी रेघ चमकत राहते. यावरचा जुना उपाय म्हणजे मूळ अखंड तुकडा एक खण मागे अस्तरासारखा लावायचा. लावला. लांबच्या भेगा गेल्या, जवळच्या नाहीत. का? कारण तो जवळचा अखंड तुकडा १०२३ च्या वर जातो आणि जीपीयू तो काढतच नाही! अस्तर नेमकं फाटक्या जागी गायब. हे लक्षात आल्यावर मी रात्री एकटीच हसत होते, घरचे उठून बघायला आले.

मग केलं ते लाजिरवाणं सोपं. पडदा पुसताना मी सगळीकडे आभाळाचा निळा भरत होते. आता क्षितिजाच्या वर निळा आणि खाली डांबराचा करडा. भेगा अजून आहेत, पण डांबरात डांबराची रेघ कोणाला दिसणार? चढाच्या माथ्यावर हे फसेल. सुरसागरला चढ नाही, तेव्हा तूर्त त्या वाटेला जात नाही.

वेगाचा हिशेब थोडक्यात. माझा खेळ सेकंदाला २५ चित्रांवर चालतो, म्हणजे एका चित्राला दोन पाल फ्रेममध्ये सव्वासहाशेच्या आसपास एचब्लँक (टीव्हीची एकेक ओळ संपल्याचे ठोके, मी वेळ त्यातच मोजते) मिळतात. आधी ५८० लागत होते. क्लिपिंगनंतर ६५० झाले, आणि खेळ थेट चित्रामागे तीन फ्रेमवर घसरला, सेकंदाला सोळा-सतरा चित्रं, पावसाळ्यातल्या स्कूटरसारखा. मग क्लिपिंगचे तात्पुरते शिरोबिंदू मुख्य रॅममधून उचलून १ केबीच्या स्क्रॅचपॅडमध्ये (छोट्या, जलद मेमरीत) ठेवले आणि आतलं लूप इन्स्ट्रक्शन कॅशच्या (चालू कोडच्या जलद साठ्याच्या) ४ केबीत मावेल इतकं आवळलं. ६०५. श्वास घेण्यापुरती जागा आहे, रिक्षांपुरती नाही.

मधल्या काळात एक आठवडा वायरीत गेला तो वेगळाच. कॉम्प्युटरवरून खेळ चढवायला मशिनच्या सिरियल पोर्टला ३.३ व्होल्टचा यूएसबी अडॅप्टर लागतो. ऑनलाइन मागवला, जंपर ३.३ वर होता, पण मीटर लावला तर टीएक्सवर (डेटा पाठवणाऱ्या तारेवर) पाच व्होल्ट. विक्रेत्याचं उत्तर, "सगळे असंच वापरतात." वापरोत. माझं मशिन मामाने मस्कतहून आणलेलं आहे, दुसरं मिळणार नाही. शेवटी मरीमातेच्या खांचात एका मोबाइल दुरुस्तीवाल्याने मला त्याच्या टेबलावर बसवून चांगला अडॅप्टर तपासून दिला आणि पैसे विचारले तर "रहेवा दो, बेन" म्हणाला. वायर लावायच्या आधी मीटर लावा, एवढं ऐका. ११५२०० बॉडच्या वेगाने माझी ३८० केबीची फाइल अर्ध्या मिनिटात चढते, आणि सीडी जाळण्याची कटकट संपते.

आणि एक छोटीशी मिरवण्याची गोष्ट. रिज रेसर हा शर्यतीचा खेळ १९९४ मध्ये आला तेव्हा खेळ सगळा रॅममध्ये चढायचा, मग डिस्क काढून स्वतःची गाण्याची सीडी घालता यायची, आठवतं? आपलंही आता तसं चालतं. झाकण उघडलेलं ओळखून, नवी डिस्क बसली की तिची ट्रॅकयादी पुन्हा वाचायची. पहिली चाचणी घरातल्या गरब्याच्या सीडीवर. रात्रीचा ट्रॅक, पाण्यात तलावातल्या सोनेरी शंकराच्या मूर्तीचं प्रतिबिंब (ते नुसतं उलटं टेक्स्चर आहे, ओरडू नका) आणि ढोल. वळणं तालात घेतली जातात, शपथ.

पुढचा बेत असा होता: रिक्षा, मग दुसरा ट्रॅक, लहेरीपुऱ्यापासून मांडवी दरवाजाखालून पाणीगेट. मांडवीला प्रत्येक बाजूला तीन कमानी, आणि कमानीखालून जाताना त्या अगदी डोक्यावर येणार, म्हणजे हाच ५११ चा नियम उभ्या भिंतींना लागणार. म्हणून क्लिपिंगचं फंक्शन रस्त्यापुरतं न ठेवता सगळ्यांसाठी लिहावं, असं या नोंदीत लिहिणार होते.

पण वरचा भेगांचा परिच्छेद लिहिताना दुसरंच सुचलं. मी तुकडे चालू खेळात फोडतेच कशाला? वाइपआउट या शर्यतीच्या खेळाने १९९५ मध्ये रस्त्याचा एकेक तुकडा जवळ असला की १६ टाइलांचा, मध्यम अंतरावर ४ आणि लांब असला की एकाच टाइलचा ठेवला होता. तसंच ब्लेंडरमध्येच (थ्रीडी आकार बनवायच्या प्रोग्रॅममध्ये) तिन्ही प्रतींचा मेश (तुकड्यांचा सांगाडा) आधी तयार करून ठेवला तर? रॅम थोडी जास्त जाईल. पण फोडण्याचा वेळ शून्य होईल, आणि भेगा फक्त दोन प्रती जिथे भेटतात त्या शिवणीवर उरतील. तिथे करडं डांबर आहेच. क्लिपिंग राहील, पण छोट्या तुकड्यांवर, आणि रुंदीतल्या चार पट्ट्या त्या सोळांतच येऊन जातात. तीस-चाळीस एचब्लँक सुटले तर दोन रिक्षा सहज बसतील. मांडवीच्या कमानींनाही हेच लागू. म्हणजे सगळ्यांसाठी क्लिपिंगचा बेत रद्द, आधी एक्सपोर्टची स्क्रिप्ट. रिक्षावाल्यांनी अजून थोडं थांबावं.

स्क्रिप्ट मघाशीच लिहून सोडली आहे. सध्या ब्लेंडरची खिडकी पांढरी पडली आहे आणि पंखा म्युझिक कॉलेजच्या तंबोऱ्यासारखा एकाच सुरात लागलाय. तिन्ही मेश आले की आधी एचब्लँकचे आकडे टाकते, फोटो नंतर.