टाचेतला दोरा

धापेवाड्याच्या विठोबाला, पायी दिंडीत मी का गेले, याचं धड उत्तर अजून देता येत नाही. समोरच्या काकू दरवर्षी जातात, यंदा म्हणाल्या, "चल ना वं, सोबत होईल." चर्चमधल्या एकीने विचारलं, "तुला चालतं का हे?" म्हटलं, पाय चालतात तोवर चालतं.

खरं कारण रविवार. चर्चच्या मराठी भक्तीला आता आम्ही 19. मी लहान असताना बाकांवर जागा मिळायची नाही. वडील आम्हाला व्हरांड्यात सतरंजीवर बसवायचे. आता पोरं पुण्याला, बंगळुरूला. कोविडपासून काहींची उपासना मोबाईलवरच होते, चहाबरोबर. गीतांचे क्रमांक फळीवर मी लावते आणि लावता लावता डोकी मोजायची वाईट खोड लागली आहे. पाळक म्हणतात, धीर धरा. धरतेच आहे, 11 वर्षं झाली.

काटोल नाक्यावर तर्री-पोहे खाऊन निघालो. सवयीने मोजलं: विणेकऱ्यासकट 27. "आधी शंभरावर रहात होते," काकू म्हणाल्या आणि लगेच कुणाशी तरी छत्रीवरून भांडल्या.

मागे टेम्पो, टेम्पोवर भोंगा. त्यावरचा अभंग एवढा मोठा की आमचे टाळ आम्हालाच ऐकू येईनात. सकाळभर मी देवापेक्षा त्या टेम्पोवाल्याचाच जास्त विचार केला. पाऊस आला, थांबला, परत आला. फुगलेला नाला पाहून मिशनरी हिस्लॉप आठवले. 1845 मध्ये नागपुरात आले, 1863 च्या पावसाळ्यात टाकळघाटाहून परतताना असेच पाण्यात गेले. 18 वर्षं मराठी शिकले, शाळा चालवल्या, अभ्यासाला दगड गोळा केले. बाप्तिस्मे मोजकेच. भोंगा तरी नव्हता त्यांच्यामागे.

फेटरी मागे पडली आणि उजवी टाच पेटली. एका चहाच्या टपरीपुढच्या फळीवर बसले, चप्पल काढली, रुपयाएवढा फोड. टपरीवालीने काही न विचारता गॅस बारीक केला, खाली बसली आणि माझा पाय उचलून थेट मांडीवर घेतला. घोट्यापर्यंत काळी माती होती त्यावर. तिने पदराने पुसली. येशू पेत्राचे, बाकी शिष्यांचे पाय धुतो, तो योहानाचा तेरावा अध्याय मी दरवर्षी ऐकते. पण दुसऱ्याच्या हातात पाय द्यायची लाज काय असते, ते पेत्रालाच ठाऊक.

"फोड फोडायचा नसतो बाई," मी म्हटलं. "35 वर्षं नर्स होते मी."

"हो का जी," म्हणाली आणि काडी ओढून सुई लाल केली. पांढरा दोरा या कडेनं घातला, त्या कडेनं काढला, दोन्ही टोकं बोटभर ठेवून दातानं तोडला. दोऱ्याच्या टोकाशी पाणी जमायचं, थेंब व्हायचा, पडायचा. आम्ही दोघी बघत बसलो. "दोरा काढजा नोको. तो आपोआप निघते." वरून हळद-तेल. वॉर्डात कुणी असं केलं असतं तर मी लेखी तक्रार केली असती. तेवढ्या वेळात एकही गिऱ्हाईक आलं नाही. दिंडी लांब गेली होती, भोंगा मात्र अजून ऐकू येत होता. चहाचे पैसेही घेतले नाहीत तिने. "माह्यासाठी हात जोडजा तिथं."

कळमेश्वरची रात्र डासांत गेली. धापेवाड्याच्या नदीचं नावही चंद्रभागाच. गढूळ होती, मी नुसते पाय बुडवले, तेही एकच.

धापेवाड्याला रांग तीन तासांची. पंढरीची एकादशी उरकून विठोबा पौर्णिमेला इथे येतो म्हणतात. त्याच्या टाचा कोण बघतं कोण जाणे. गाभाऱ्यापाशी पोचल्यावर लक्षात आलं, तिचं नावच विचारलं नाही. मागून रेटा, पुढे पुजाऱ्याचं "चला, चला". हात जोडले की पिशवी सावरली, आठवत नाही. "फेटरीपुढची, टपरीवाली" एवढंच पुटपुटले आणि बाहेर ढकलली गेले.

रविवारी पाऊस, आम्ही 16. मध्यस्थीच्या प्रार्थनेआधी पाळकांनी नावं विचारली. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची नोकरी. मी उभी राहिले.

"नाव?"

"माहीत नाही."

पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या. दोऱ्याचं टोक चपलेत टोचत होतं.