‘उलट्यांचं कुठे गेलं?’

डिस्चार्ज समरीत निदान म्हणून एकच शब्द होता: यूरोसेप्सिस. हा शब्द दिसला की कोडिंग करणाऱ्याचा, म्हणजे रुग्णाच्या आजारांना ठरावीक कोड देणाऱ्याचा, हात थांबतो, कारण आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोडांच्या अमेरिकन यादीत त्याला कोडच नाही. नुसता मूत्रमार्गाचा संसर्ग असेल तर एन३९.०, सेप्सिस, म्हणजे संसर्गाने ओढवलेली जीवघेणी अवस्था, असेल तर ए४१ च्या घरातलं काहीतरी. दोन्हींतलं कोणतं हे आपण ठरवायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं, असं नियमावलीतच स्पष्ट लिहिलंय.

अशी क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना पाठवायचा लेखी प्रश्न, लिहायला लागून मला वर्ष होत आलं होतं. आपल्याला हे जमतं, असा माझा समज पक्का झाला होता. चार्ट उघडला आणि ताप ३८.६ सेल्सिअस, नाडी ११२, पांढऱ्या पेशी १६,८००, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम बिघडलं की रक्तात वाढणारा घटक) आधीच्या ०.९ वरून १.७ असे चार आकडे ओळीने मांडले. खाली पर्याय दिले: सेप्सिस, मूत्रमार्गाचा संसर्ग सेप्सिसशिवाय, इतर, सांगता येत नाही. शीर्षकात आजाराचं नाव नाही, बिलाचा उल्लेख नाही, ‘सहमत आहात का?’ असा हो-नाहीचा सापळा नाही. अर्ध्या तासात उत्तर आलं, ‘सेप्सिस’. कोड टाकला आणि मी पुढच्या चार्टकडे वळले.

दुपारी तपासणी करणाऱ्या मॅडमनी बोलावलं. “क्वेरी नीटनेटकी आहे,” त्या म्हणाल्या. “पण उलट्यांचं कुठे गेलं?”

नर्सिंग नोट समोर होती. दोन दिवस उलट्या, पाणीही ठरत नव्हतं. रक्तदाब सगळा वेळ व्यवस्थित. सेप्सिसमध्ये रक्तात वाढू शकणारं लॅक्टेट १.१, म्हणजे नॉर्मल. सलाइन लावल्यावर दुसऱ्याच दिवशी क्रिएटिनिन १.० वर आलेलं. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातल्या जंतूंची तपासणी, निगेटिव्ह. (कल्चर निगेटिव्ह म्हणजे सेप्सिस नाहीच, असं नसतं, पण ते लिहायला तर हवं होतं.)

यातलं न वाचलेलं काहीच नव्हतं, हे सांगताना आजही ओशाळल्यासारखं होतं. समरीतला शब्द वाचताच मनात सेप्सिस ठरला होता, आणि मग मी त्याला साजेसे आकडेच वेचले. सेप्सिसच्या २०१६ च्या व्याख्येत संसर्ग, ताप आणि धावणारी नाडी पुरत नाही; संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयवांचं काम बिघडलेलं असावं लागतं. इथे बिघाडाची खूण एकच, ते वाढलेलं क्रिएटिनिन. ते संसर्गाने वाढलं की अंगातलं पाणी कमी झाल्याने, खरा प्रश्न हाच होता आणि तोच मी विचारला नव्हता.

दुसरी क्वेरी लिहायला पाऊण तास लागला. या वेळी बाजूचे आणि विरुद्धचे सगळे आकडे तारीख-वेळेसह घातले. नोंदलेल्या सेप्सिसला चार्टमध्ये आधार दिसतो का, आणि क्रिएटिनिन वाढण्याचं कारण काय, असे दोन वेगळे प्रश्न केले.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोनच आला. आवाज त्रासलेला. “सकाळी विचारलंत तेव्हा हे का नव्हतं? तुम्ही दिलेल्या चार आकड्यांवर मी टिक केलं. दिवसाला अशा किती क्वेरी येतात, कल्पना आहे?” मी माफी मागितली. रात्री उत्तर आलं: मूत्रमार्गाचा संसर्ग, उलट्यांमुळे डिहायड्रेशन, त्यातून मूत्रपिंडाला तात्पुरती इजा, सेप्सिस नाही.

कोड बदलला. पहिली क्वेरी मात्र आमच्याकडे पुसता येत नाही. ती अजून तशीच आहे, चार आकडे आणि खाली माझं नाव.