आमची वाटचाल: माद्रिदमधली आमची छोटीशी अकादमी

माद्रिदच्या उत्तरेला लास ताब्लास आणि सांचिनार्रो म्हणून भाग आहेत, नव्या सोसायट्या, मोठाली ऑफिसेस आणि संध्याकाळी स्कूलबसमधून उतरणारी युनिफॉर्ममधली पोरं. यातली बरीचशी ब्रिटिश शाळांत जातात, काही सरकारी द्विभाषिक शाळांत. या दोन्हीकडच्या मुलांना शाळा सुटल्यावर शिकवायचं, हा आमचा व्यवसाय. मी मूळची नाशिकची, गणितात एमएस्सी, नंतर बीएड. नवऱ्याच्या टेलिकॉममधल्या नोकरीमुळे २०११ ला इकडे आलो आणि २०१४ पासून ही अकादमी चालवतेय, सोबत एक स्पॅनिश पार्टनर आहे, ती आधी शाळेत भाषा शिकवायची.

भारतातून फोन येतात तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो की स्पेनमध्ये ब्रिटिश शाळा कुठून आल्या. तर हे आजकालचं नाही. ब्रिटिश कौन्सिलची माद्रिदमधली शाळा १९४० सालची आहे, म्हणजे यादवी युद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा ब्रिटिश कौन्सिलचे इथले प्रतिनिधी वॉल्टर स्टार्की यांनी ती काढली. १९६७ ला रनिमीड आलं, १९६९ ला किंग्ज कॉलेज, मग समुद्रकिनाऱ्याकडे आलिकांते, मालागा, वालेन्सिया या बाजूला ब्रिटिश कुटुंबं स्थायिक होत गेली तशा तिकडेही शाळा निघत गेल्या, आणि १९७८ ला या सगळ्यांची मिळून नॅब्स नावाची संघटनाही झाली. माद्रिदमधल्या या शाळांत गोऱ्या इंग्रजांचीच मुलं असतील असं वाटतं, पण तसं नाही, स्पॅनिश घरातली मुलं भरपूर असतात. आईबापांना इंग्रजी नीट हवंय आणि परदेशातल्या विद्यापीठाचा रस्ताही उघडा ठेवायचाय.

ज्यांना ती फी परवडत नाही त्यांच्यासाठीही सोय आहे हे मला या देशाचं खूप आवडतं. १९९६ ला शिक्षण मंत्रालय आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्यात करार झाला आणि सरकारी शाळांत स्पॅनिश आणि ब्रिटिश असे दोन्ही अभ्यासक्रम एकत्र करून शिकवायला सुरुवात झाली. नंतर २००४ ला माद्रिद प्रांताने स्वतःचा द्विभाषिक कार्यक्रम २६ सरकारी प्राथमिक शाळांतून सुरू केला, आता तो खूप पसरलाय. तिथे सायन्ससारखे विषय इंग्रजीत, गणित मात्र स्पॅनिशमध्येच.

आता आमचं काम नेमकं कुठे येतं ते सांगते. दोन भाषांची शाळा म्हणजे मुलाला इंग्रजी फाडफाड बोलता येणं, असं बहुतेक पालकांच्या डोक्यात असतं. बोलणं तर पोरं मैदानातच शिकतात हो, त्यासाठी आमच्याकडे पैसे भरायची गरजच नाही. अडतं ते वेगळीकडे. प्रत्येक भाषेसोबत शिकायची एक पद्धत येते आणि मुलाला दोन्ही पद्धती वापरता यायला लागतात.

उदाहरण देते. ९५२ भागिले ७. आपल्याकडे ७ डावीकडे, मधे ९५२, उत्तर उजवीकडे, आणि प्रत्येक गुणाकार खाली लिहून वजा करायचा. ब्रिटिश शाळेत बस स्टॉप म्हणतात तशी चौकट, उत्तर डोक्यावर, उरलेले आकडे बारीक अक्षरात पुढच्या अंकाला चिकटवायचे, ९ मधून ७ गेले की २ उरले ते ५ ला चिकटले, पंचवीस. स्पॅनिश शाळेत ९५२ डावीकडे, ७ उजवीकडे कोपऱ्यात आणि उत्तर त्या ७ च्या खाली, आणि गुणाकार लिहायचाच नाही, वजाबाकी मनातल्या मनात करून नुसती बाकी लिहायची. तिन्हीकडे उत्तर १३६ च. पण पुण्याहून आलेली दहा वर्षांची मुलगी, जिला आईने घरी एक पद्धत शिकवलीय, शाळेत दुसरी दिसते आणि शेजारची स्पॅनिश मैत्रीण तिसरीच करते, ती वहीकडे बघून रडायला लागते आणि आई मला फोन करून सांगते की हिचं गणित कच्चं झालं. गणित अजिबात कच्चं नसतं! आम्ही तिन्ही मांडण्या एका पानावर शेजारी शेजारी लिहितो आणि मुलीलाच विचारतो की प्रत्येकात तो २ कुठे गेला ते शोध. ते सापडलं की तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. मग दशांश चिन्ह, इथे साडेतीन म्हणजे ३,५ लिहितात, स्वल्पविराम, आणि हजाराला टिंब देतात, म्हणजे १.२५० हे स्पॅनिश पुस्तकात बाराशे पन्नास आणि इंग्रजी पुस्तकात सव्वा. एकाच दप्तरात दोन्ही पुस्तकं. पाढ्यांच्या बाबतीत मात्र आपली मुलं पुढे असतात, इंग्लंडच्या अभ्यासक्रमात इयर फोरमध्ये, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या वयात, १२ पर्यंतचे पाढे येणं अपेक्षित आहे, ते आपल्याकडे आजीनेच करून घेतलेले असतात.

वर्गाचं गणितही समजून घ्यावं लागतं. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं वय मोजतात, स्पेनमध्ये जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाला कुठल्या वर्गात घालणार हे त्या त्या शाळेला आधीच विचारायचं. साधारण हिशोब असा की इयर टू म्हणजे इथली पहिली प्रिमारिया, प्राथमिकची पहिली, आणि इयर इलेव्हन म्हणजे इथली चौथी एसो, माध्यमिकचं शेवटचं वर्ष, आपली दहावी.

सुरुवात घरातल्या जेवणाच्या टेबलावर झाली, नवऱ्याच्या ऑफिसमधल्या लोकांची मुलं. मग रीतसर आउतोनोमो, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक, म्हणून नोंदणी केली, हेस्तोर गाठला, हेस्तोर म्हणजे आपला सीए, एजंट आणि सल्लागार सगळं एकात, त्याने समजावलं की शालेय अभ्यासक्रमातल्या विषयांच्या शिकवणीवर इव्हा म्हणजे इथला जीएसटी लागत नाही, ते ऐकून जीव भांड्यात पडला. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला लैंगिक गुन्ह्याची नोंद नसल्याचा सरकारी दाखला लागतो, तो आम्ही भिंतीवरच लावलाय, पालकांनी न विचारता बघावा म्हणून. पुढे जागा भाड्याने घेतली, दोन खोल्या आणि एक काचेचं दार. भाड्याचा आणि पगाराचा ताळमेळ या धंद्यात कायम अवघड, कारण उत्पन्न सप्टेंबर ते जून, जुलै-ऑगस्टला सगळं माद्रिद गावी नाहीतर समुद्रावर जातं आणि जागेचं भाडं मात्र थांबत नाही.

मार्च २०२० ला माद्रिदच्या शाळा बंद झाल्या आणि आमचं दारही. त्या उन्हाळ्यातल्या जीसीएसई आणि ए लेव्हलच्या, म्हणजे ब्रिटिश पद्धतीतल्या दहावी-बारावीसारख्या, परीक्षाच रद्द झाल्या, पुढच्या वर्षीही तेच, शिक्षकांनी दिलेल्या ग्रेडवर निकाल लागले, आणि आमच्या मोठ्या मुलांची तर वर्षभर याच परीक्षांची तयारी चालली होती. लहानांना ऑनलाइन शिकवत राहिलो, काही कुटुंबांनी अर्धा तास स्क्रीनवर येऊनही पूर्ण फी बिझुमने, म्हणजे इथल्या मोबाइल पेमेंटने, पाठवली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यातून सावरतोय तोवर ब्रेक्झिट लागू झालं. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंडहून शिक्षक आणायचा तर त्याला वर्क परमिट लागतं, आमच्यासारख्या लहान फर्मला ते झेपणारं नाही. त्यामुळे आता आमच्याकडे इंग्रजी शिकवणारी एक आयरिश बाई आहे, आयर्लंड युरोपियन युनियनमध्येच असल्याने तिला कागदपत्रांचा त्रास नाही, आणि दुसरे एक इंग्रज गृहस्थ, जे आधीपासूनच इथले रहिवासी आहेत.

पालकांशी माझे वाद होतात ते दोन गोष्टींवरून. एक म्हणजे स्पॅनिश. आपले लोक दोन-तीन वर्षांच्या पोस्टिंगवर येतात आणि म्हणतात ताई, ब्रिटिश शाळेत घातलंय ना, स्पॅनिश काय करायचंय. अहो, शाळा ब्रिटिश असली तरी देश स्पेन आहे, परदेशी शाळांसाठीचा १९९३ चा आदेशही स्पॅनिश भाषा आणि संस्कृती शिकवायला लावतो, ते उगीच नाही. पोस्टिंग वाढतं, घर घेतलं जातं, मुलगा सोळाचा होतो आणि इथल्या सरकारी विद्यापीठात जावंसं वाटतं, तिथे फी कितीतरी कमी. मग बाहेरच्या बोर्डाचं शिक्षण म्हणून उनेद या इथल्या मुक्त विद्यापीठाकडून क्रेदेन्सियाल, म्हणजे प्रवेशासाठीचा दाखला, काढावं लागतं, गुण वाढवायचे तर विषयांच्या वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात, प्रवेशाचा हिशोब १४ पैकी होतो. त्या वयात नव्याने स्पॅनिश निबंध लिहायला शिकणं फार जड जातं. पाचव्या वर्षी ते खेळता खेळता होतं.

दुसरी गोष्ट मराठी. इतक्या भाषांत पोराचा गोंधळ होईल म्हणून घरी मराठी बंद केलं असं कोणी सांगितलं की मी त्यांना समोर बसवूनच बोलते. मुलाला तीन भाषा जड होत नाहीत. घरात आईबापांनी अडखळत इंग्रजी बोलणं हे मात्र जड होतं, मूल ना आईशी मोकळं बोलत ना नीट इंग्रजी ऐकत. ज्या मुलाला घरच्या भाषेत गोष्ट सांगता येते, का आणि कसं विचारता येतं, ते मूल शाळेतही लवकर रुळतं, हे मी इतकी वर्षं रोज बघतेय. शनिवारी सकाळी आमच्या एका खोलीत मराठी वाचन असतं, त्याचे पैसे आम्ही घेत नाही आणि घेणारही नाही.

नव्याने येणाऱ्यांना एकच कळकळीने सांगेन, मूल इयर इलेव्हनच्या मध्यात असताना शक्यतो हलवू नका. आयजीसीएसई, म्हणजे जीसीएसईचीच आंतरराष्ट्रीय आवृत्ती, हा इयर टेन आणि इलेव्हन मिळून दोन वर्षांचा कोर्स असतो, बोर्ड शाळेप्रमाणे बदलतं, कोणाकडे केम्ब्रिज कोणाकडे पिअर्सन एडेक्सेल, आणि सीबीएसई किंवा एसएससीची नववी करून जानेवारीत आलेल्या मुलाला मे महिन्यात पेपरला बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तसंच मात्रिकुला, म्हणजे प्रवेश फी, भरण्याआधी नीट विचारा, सहसा ती परत मिळत नाही, आणि कोमेडोर म्हणजे दुपारचं जेवण, बस, पुस्तकं यांचे पैसे फीमध्ये धरलेत का हेही लेखी घ्या.

येत्या सप्टेंबरपासून आम्ही ए लेव्हलचं गणित आणि फिजिक्स सुरू करतोय. आमच्याकडे पाढे म्हणत वाढलेली पहिली मुलं आता इयर ट्वेल्व्हला पोचलीत, त्यांनीच मागे लागून हे करायला लावलं, आणि माझ्या पार्टनरने त्यांच्यासाठी स्पॅनिश निबंधलेखनाचा तासही वेळापत्रकात टाकलाय, मंगळवार आणि गुरुवार, साडेसहाला.