बाबांची वही

पक्षाघातानंतर बाबांना घरी आणलं, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांची कमी नव्हती. सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या स्पीच थेरपिस्ट, फॅमिली डॉक्टर, शिवाय औषधं देणारे फार्मासिस्ट. सगळे मनापासून काम करणारे. पण प्रत्येकाची वेळ वेगळी, त्यामुळे त्यांची आपसात गाठच पडत नसे. एकाचं म्हणणं दुसऱ्याला सांगायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते मला झेपण्यासारखं नव्हतं. कुठली गोष्ट कुणाच्या कामाची आहे हे घरच्या माणसाला कसं कळणार?

मग सिस्टरांनी पलंगाजवळ एक वही ठेवली. ज्याने त्याने तीनच गोष्टी लिहायच्या: आज काय दिसलं, काय केलं, पुढच्याने काय बघायचं. पहिले काही दिवस जो तो 'ठीक' एवढंच लिहून जायचा. सिस्टर मात्र हटल्या नाहीत. फोन करून 'ठीक म्हणजे नक्की काय?' असं विचारायच्या.

या वहीचा खरा उपयोग कळला तो बाबांना उभं करताना चक्कर येऊ लागली तेव्हा. फिजिओथेरपिस्टने व्यायाम थांबवून रक्तदाब मोजला. आडवे असताना वरचा आकडा 134, उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत 106. वीस किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टरांना कळवायलाच हवं, असं म्हणून त्यांनी ते वहीत लिहिलं आणि फोनही केला.

डॉक्टरांनी मागची पानं मला फोनवर वाचायला सांगितली. दोन पानं आधी स्पीच थेरपिस्टची नोंद होती: पाणी पातळ असलं की श्वासनलिकेत जातं, म्हणून दाट करून द्या, अख्खी गोळी घशात अडकते, तीही चुरून द्या. गिळण्याच्या दृष्टीने सल्ला अगदी बरोबर. डॉक्टरांनी लगेच फार्मासिस्टना फोन जोडला. त्यांनी मला रक्तदाबाच्या गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचायला लावलं. नावापुढे 'एसआर' छापलेलं होतं. म्हणजे औषध दिवसभर हळूहळू सुटावं अशी बनवलेली गोळी. ती चुरली की सगळा डोस एकदम अंगात उतरतो. डॉक्टरांनी त्याच दिवशी ती बदलून चुरता येणारी साधी गोळी दिली, दिवसातून दोनदा विभागून. चक्कर थांबली आणि उभं राहण्याचा व्यायाम पुन्हा सुरू झाला.

यात चुकलं कुणाचंच नव्हतं. चार जणांकडे चार तुकडे होते, ते एकत्र यायला वही लागली. प्राथमिक आरोग्यसेवेबद्दलच्या 1978 च्या आंतरराष्ट्रीय अल्मा-आटा जाहीरनाम्यात डॉक्टर, परिचारिका आणि वस्तीपातळीवरचे कार्यकर्ते यांनी एक संघ म्हणून काम करावं असं लिहिलेलं आहे. तरीही ज्या रुग्णालयातून बाबांना सोडलं, त्यांच्या कागदावर गिळण्याच्या त्रासाचा साधा उल्लेख नव्हता. याचा मला आजही राग येतो.

त्यानंतर सगळ्यांनी ठरवून समन्वयाची जबाबदारी सिस्टरांकडे दिली. औषध बदललं, बाबा पडले, ताप आला, जेवताना ठसका वाढला, की पहिला फोन त्यांना. पुढे कुणाला कळवायचं ते त्या बघतात. आठवड्यातून एकदा सगळे फोनवर एकत्र येतात, दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. त्यात बाबांनाही बोलायला देतात. शब्द सावकाश येतात, पण कुणी मध्ये तोडत नाही. मागच्या वेळी व्यायामाची वेळ सकाळची करून घेतली ती त्यांनीच. दुपारी थकवा येतो, हे तोवर कुणी वहीत लिहिलेलं नव्हतं.